हाकेचं नाव

अक्काला अक्का म्हणा असं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. हृदयाच्या वॉर्डात ती नर्स म्हणून लागली तेव्हा तिच्याहून वयानं थोर अशा नर्स तिथे होत्याच, पण बाईंचं तोंडच असं की सगळ्यांनी निमूटपणे मोठेपण तिला देऊन टाकलं. सर्जनसुद्धा तिला अक्काच म्हणायचे. "गोळी घेतलीत का?" असं ती पेशंटला कधी विचारत नसे. "गोळी घेतली नाहीत ना? दिसतंय तोंडावर," असं म्हणायची, आणि बहुतेक वेळा ते खरंच निघायचं.

वॉर्डात येणारी माणसं बहुतेक म्हातारी. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी अक्काची शिकवणी असायची. एक उशी हातात द्यायची आणि ती छातीशी घट्ट कवटाळून खोकायला लावायचं. उद्या छातीचं हाड कापणार, पुन्हा तारेनं बांधणार. त्यावर खोकला आला की जीव नकोसा होतो, म्हणून उशीचा आधार. पण खोकायचं म्हणजे खोकायचंच. कफ आत साठला की फुप्फुसं भरत जातात, आणि हृदय ठणठणीत असूनही माणूस हातचा जातो. "हृदयाचं सर्जन बघतील," ती दम भरायची, "फुप्फुसं तुमची तुम्ही सांभाळायची. तिथे मी कुणाचे लाड करत नाही."

मग कवळी, चष्मा, कानातलं यंत्र एका डबीत घालायचं, डबीवर नाव लिहायचं. आणि सगळं झालं की खुर्ची ओढून, आवाज खाली आणून, ती एक प्रश्न विचारायची.

"लहानपणी घरी तुम्हाला काय म्हणायचे?"

हे तिचं स्वतःचं होतं. कुठल्या पुस्तकात नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं. भूल उतरताना म्हातारी माणसं लवकर वर येत नाहीत. कागदावरच्या नावानं कितीही हाका मारा, डोळे मिटलेलेच. पण एकदा एका आजोबांच्या बहिणीनं वैतागून कानाशी "ए ठोंब्या, ऊठ की!" म्हटलं आणि आजोबांनी खाडकन डोळे उघडले, तेव्हापासून अक्कानं ते धरलं. माणूस खोल गेला की वरची नावं गळून पडतात, तळाशी एकच राहतं, असं तिचं मत. सर्जन हसायचे, पण आयसीयूत पेशंट जागा करायची वेळ झाली की खाली निरोप धाडायचे, "अक्काला वर पाठवा."

ती नुसतं नाव विचारून सोडत नसे. हाक कोण मारायचं? कशी? लांबवून, तोडून, की लाडात? स्वतः मारून दाखवायची, आणि पेशंट "नाही हो, अशी नाही" म्हणत शिकवायचा. "ए चिंगेऽऽ" अशी हाक तिनं एका आजीबाईंना मारून दाखवली, तर त्या आधी पोट धरून हसल्या आणि मग पदर तोंडाला लावून बसल्या. शुद्धीवर आलेली माणसं पुष्कळदा सांगायची, "आई आली होती. इथे उभी होती, तुम्ही आहात तिथे." अक्का म्हणायची, "आली असेल. गर्दी करू नका म्हटलं मी तिला." वरून असं म्हणायची खरं. पण रोज मेलेल्या माणसांच्या आवाजात बोलायचं म्हणजे काही खायचं काम नाही. ज्यांनी ओ दिली त्यांची नावं ती विसरून जायची. ज्यांनी दिली नाही त्यांची तिच्याकडेच राहिली होती. बसच्या रांगेत उभी असताना, भाजी चिरताना, मधूनच एखादं जिभेवर यायचं. ती ते उच्चारत नसे. न जाणो, इतक्या उशिरा कुणी ओ दिली तर काय करायचं?

कुलूपवाले काका वॉर्डात आले ते असेच आदल्या दिवशी. उभा जन्म कुलपं दुरुस्त करण्यात आणि किल्ल्या घासण्यात गेलेला. बोटं काळपट, नजर बारीक, आणि जीभ तर अक्काच्या तोडीस तोड. आल्याआल्या औषधांच्या कपाटाचं कुलूप हाताळून म्हणाले, "हे तर नुसतं फुंकर मारली तरी उघडेल." बायको बाजूला पिशवी धरून उभी. "अहो, गप्प बसा की जरा. आजारी आहात तुम्ही," ती म्हणाली.

"आजारी मी नाही, माझं हृदय आहे," काका म्हणाले. "आयुष्यभर लोकांची दारं उघडली. उद्या माझं उघडणार. बघू आत काय सापडतंय."

सर्जन समजावून सांगायला आले तेव्हा मात्र काका गंभीर झाले. हृदय थोडा वेळ थांबवणार, तेवढ्यात यंत्र रक्त फिरवणार, काम झालं की हृदय पुन्हा चालू करणार, हे त्यांनी दोनदा सांगून घेतलं.

"थांबलेलं पुन्हा चालू होतं?"

"होतं."

"म्हणजे माणूस तेवढा वेळ... नसतो?"

"असतो हो काका," सर्जन हसून म्हणाले. "नसून कसं चालेल?"

काकांचं समाधान झालेलं दिसलं नाही. अक्कानं उशी दिली, खोकून घेतलं, डबी भरली, आणि बायको चहाला गेलेली बघून खुर्ची ओढली.

प्रश्न ऐकून बाकीचे लाजतात, हसतात. हे डबीचं झाकण उघडत-मिटत राहिले.

"गुंड्या," शेवटी म्हणाले.

"कोण म्हणायचं?"

"आई."

"कशी मारायची हाक?"

"घाबरून."

अक्काला वाटलं, पोरगं उनाड असणार, दिवेलागणीला घरी येत नसणार. तिनं हळूच मारून दाखवली. "गुंड्या... ए गुंड्या!"

"अजून मोठ्यानं," काका म्हणाले. डोळे मिटलेले. "लांब आहे तो."

आता तुम्ही म्हणाल, इथेच तिला कळायला हवं होतं. पण म्हातारी माणसं आपल्या लहानपणाबद्दल पुष्कळदा असंच बोलतात, दुसऱ्याच कुणाचं पोर असल्यासारखं. अक्कानं ते इतक्या वेळा ऐकलं होतं की तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिनं आवाज चढवला. काकांनी मान हलवली. "हां. तशी."

ऑपरेशन उत्तम झालं. दुपारी वरून निरोप आला, तशी अक्का आयसीयूत गेली. काका नळ्या-तारांच्या गुंत्यात पडलेले, तोंडात श्वासाची नळी, चेहरा मेणासारखा. तिनं ओठ कानाशी नेले आणि एका घाबरलेल्या आईच्या आवाजात, खोलवर, लांबवर, हाक मारली.

डोळे एकदम उघडले. एवढ्या झटक्यात की अक्का मागे सरकली. काका तिच्याकडे बघत नव्हते. वर बघत होते, पाण्याच्या तळातून वर बघावं तसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळी काढली. घसा बसलेला, तरी पहिलं वाक्य स्पष्ट होतं.

"शेपट्या बाहेर आला?"

"कोण शेपट्या?" अक्कानं विचारलं.

थंडी वाजते म्हणाले. कपडे ओले आहेत म्हणाले. कपडे कोरडे होते, अंगावर दोन पांघरुणं होती. आवाज काकांचाच, पण बोलणं पोराचं. ती फिरकी, तो टोमणा कुठे गेला कुणास ठाऊक. भेटायच्या वेळी बायको आली, गालाला हात लावला, तर ते अंग चोरून घेत म्हणाले, "तुम्ही कोणाच्या आई?"

बिचारी जागच्या जागी थिजली. अक्कानं तिला बाहेर आणलं, पाणी दिलं, आणि नेहमीचं सांगितलं: या वयात, एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर भ्रम होतो, माणसं काहीबाही बोलतात, चार दिवसांत ताळ्यावर येतात. "आणि हाकेला ओ चटकन दिली बरं का त्यांनी. गुंड्या म्हटल्याबरोबर डोळे उघडले."

बायकोनं ग्लास खाली ठेवला.

"काय म्हणालात तुम्ही त्यांना?"

"गुंड्या. त्यांनीच सांगितलं, आई म्हणायची."

"ते यांचं नाव नाही," बायको म्हणाली. "थोरल्या भावाचं आहे. लहानपणी तळ्यात बुडून गेला तो."

एवढ्या वर्षांत अक्काच्या तोंडून कितीतरी मेलेल्यांनी जिवंत माणसांना हाक मारली होती. मेलेल्याला हाक तिनं पहिल्यांदाच मारली होती. आणि त्यानं ओ दिली होती.

हे सगळं मनाचे खेळ म्हणून सोडून देता आलं असतं, पण काका खोकत नव्हते. उशी छातीवर ठेवली तर नुसती धरून पडायचे. श्वास ओढून तीन प्लॅस्टिकचे चेंडू वर उचलायचं यंत्र तोंडाशी नेलं की ओठ गच्च मिटायचे. व्यायाम घेणारी मुलगी रडकुंडीला आली. "खोल श्वास घ्या ना काका," ती म्हणाली, तेव्हा दातांतल्या दातांत उत्तर आलं, "पाण्यात तोंड उघडायचं नसतं."

क्ष-किरणाच्या फोटोत फुप्फुसांचा तळ पांढरा दिसायला लागला. सर्जननी सुया बदलल्या, औषधं बदलली, दोनदा स्वतः येऊन पाठीवर थापट्या मारल्या. मग अक्काला बाजूला घेऊन म्हणाले, "उद्या संध्याकाळपर्यंत कफ निघाला नाही तर पुन्हा नळी घालावी लागेल. आणि या वयात दुसऱ्यांदा घातलेली नळी..." पुढचं अक्काला पाठ होतं: ती सहसा निघत नाही.

त्या संध्याकाळी घरी तिनं मोरीत बादली नळाखाली लावली आणि बादली अर्धी भरली तेव्हा "गुंड्या" हे नाव आपलं आपण जिभेवर आलं. तिनं नळ बंद केला. पाणी हलत होतं तोवर ती बघत राहिली. एकटीच राहायची ती. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि तिला स्वतःला जिनं हाक मारावी अशी कुणी उरली नव्हती. मूर्खासारखं काय बघतेस, असं स्वतःलाच फटकारून ती उठली, पण आंघोळ तिनं त्या दिवशी केली नाही.

सकाळी तिनं काकांना कागदावरच्या नावानं हाका मारल्या. काका म्हणून, आजोबा म्हणून, कुलूपवाले म्हणून. रागावली, हातापाया पडली. बायकोला आत घेऊन बसवलं, तिनं मुलांची नावं घेतली, दुकानाचं सांगितलं, "अहो, माझ्याकडे बघा तरी," म्हणाली. काका ओठ मिटून छताकडे बघत होते. श्वास वरच्यावर, उथळ, आणि नखं निळसर. मधूनच विचारायचे, "शेपट्या बाहेर आला?"

"हा शेपट्या तरी कोण, देव जाणे," अक्का म्हणाली.

"हेच," बायको म्हणाली. "सारखे भावाच्या मागेमागे असायचे, म्हणून भाऊ शेपट्या म्हणायचा. मला एकदाच सांगितलं होतं, लग्नानंतर. पुन्हा कधी विषय काढू दिला नाही."

म्हणजे अक्काच्या हाती आता नाव होतं. एक हाक मारायची आणि माणूस परत आणायचा, हेच तर तिचं काम. तरी तिची जीभ रेटेना. कारण समोर पडलेलं पोर खरंच असलं-नसलं, कालपासून ते धाकट्याची वाट बघत श्वास रोखून पडलं होतं. वर बोलावलं तिनंच. आता दुसऱ्याला हाक मारायची म्हणजे याला पुन्हा खाली सोडायचं. तिला त्या पोराची दया आली, आणि खरं सांगायचं तर भीती वाटली. पण निळी नखं वाट बघत नाहीत.

आधी याला उत्तर द्यायचं, तिनं ठरवलं. एवढं तरी आपण त्याचं देणं लागतो. ती वाकली.

"गुंड्या," आईच्या आवाजात ती म्हणाली, पण या वेळी घाबरून नाही. "आला रे. शेपट्या बाहेर आला. काठावर बसलाय. काही झालेलं नाही त्याला."

काकांनी तिच्याकडे बघितलं. पहिल्यांदाच, सरळ. कपाळावरची आठी सुटली.

"मग ठीक," ते म्हणाले.

आणि डोळे मिटले. श्वास थांबला. पडद्यावरचा आकडा उतरायला लागला, यंत्र किंचाळलं, बायकोनं "अगं बाई!" म्हणून तोंडावर हात घेतला. अक्कानं उशी तिच्या हातात कोंबली. "छातीवर दाबून धरा, सोडू नका!" आणि काकांना खांद्याला धरून बसतं केलं आणि एका दांडग्या, मस्तीखोर, काठावरून ओरडणाऱ्या पोराच्या आवाजात, सगळी आयसीयू वळून बघेल अशी हाक मारली.

"ए शेपट्याऽऽ! तोंड उघड! श्वास घे, गाढवा!"

काकांनी तोंड उघडलं. आत जाणाऱ्या हवेचा आवाज तिला ऐकू आला. मग खोकला आला, असा की छातीच्या तारा तुटतात की काय वाटावं. ते उशीवर पडले, पुन्हा खोकले, पुन्हा खोकले, कफ निघाला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि खोकल्याखोकल्यांच्या मधे ते कळवळून म्हणाले, "अगं, दाब... जोरानं दाब... मेलो!"

बायको रडत हसत उशी दाबत होती. "अगं" म्हणाले ना, तेवढ्यावरच तिला सगळं मिळालं. सर्जन धावत आले, बघितलं, अक्काच्या पाठीवर हात ठेवून गेले. अक्का मात्र खिडकीशी जाऊन उभी राहिली. मघाशी 'मग ठीक' म्हणताना काकांचा चेहरा जसा निवला होता, तो तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

काका सुधारले. वॉर्डात परत आले, औषधाच्या कपाटाच्या कुलपाला पुन्हा नावं ठेवायला लागले. त्या दिवसांतलं काही आठवत नाही म्हणायचे. घरी जायच्या आदल्या दिवशी अक्का त्यांना व्हरांड्यात चालवत होती. एका हातात उशी, दुसरा हात भिंतीच्या कठड्यावर. दुपारची वेळ, लादीवर ऊन. बायको खोलीत पिशव्या भरत होती.

"चालताना गप्प का?" अक्का म्हणाली. "सगळे टोमणे संपले वाटतं."

काका थांबले.

"तुम्हाला खोटं नाव सांगितलं मी."

"कळलं ते. माझा जीव जायची वेळ आणलीत. लाज नाही वाटली?"

"वाटली," काका म्हणाले. "सर्जन म्हणाले, हृदय थांबवतात, पुन्हा चालू करतात. मला वाटलं, चालू होताना कुणाला तरी उठायचंच आहे, तर त्याला उठू द्यावं. मी जगलो की पुष्कळ. दुकान झालं, मुलं झाली. त्याचं काहीच झालं नाही. पाय माझा घसरला होता, अक्का. तो मला ढकलून वर काढायला आत उतरला. आई काठावरून त्याच्याच नावानं ओरडत राहिली. मी शेजारी उभा होतो, ओला, तरी तिला दिसलो नाही. पुढे म्हातारपणी तर ती मलाच गुंड्या म्हणायची. मी ओ द्यायचो."

अक्कानं त्यांचा भिंतीकडचा हात नीट कठड्यावर बसवला.

"आला होता का तो?" काकांनी विचारलं. नजर लादीवर. "हसू नका. तुम्ही तिथे होतात म्हणून विचारतो."

"मला नाही माहीत काका. भ्रम होता असं सर्जन म्हणतात, आणि त्यांचं बरोबर असेल."

"पण काही बोलला?"

अक्कानं विचार केला, सांगावं की नाही. मग वाटलं, हे काही आपलं नाही. आपल्याकडे नुसतं राहिलं होतं.

"एकच विचारत होता, शेपट्या बाहेर आला का. दोन दिवस तेवढंच. मी शेवटी सांगितलं, आला म्हणून."

"मग?"

"'मग ठीक,' म्हणाला. आणि गेला."

काकांनी कठडा घट्ट धरला. तोंड उघडलं. हुंदका फुटला, आणि त्याबरोबर छातीत अशी कळ आली की ते दुमडले. अक्कानं त्यांच्या हातातली उशी त्यांच्या छातीशी नेली आणि वरून आपले दोन्ही हात दाबून धरले. रडतानाही ती अशीच धरावी लागते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच्या शिकवणीत अक्का हे कुणाला सांगत नाही.